ताटलीवालीच्या नव्या चाव्या

हळदीला वाजवणाऱ्या माणसाला किस्से शोधावे लागत नाहीत. आम्हाला वाजवण्यापेक्षा थांबावंच जास्त लागतं. नवऱ्याचे मामा रुसले, थांबा! जनरेटरचं डिझेल संपलं, थांबा! मग ढोलकी मांडीवर घेऊन गप्पा हाणायच्या. त्यातून किस्से साठत जातात. पण हल्ली आमच्या गप्पा फिरून फिरून नानांच्या गिटारच्या चाव्यांवरच येतात.

नाना आमच्या पार्टीचे म्होरके. त्यांची गिटार रेझोनेटर. तिच्या पोटात पत्र्याची मोठी ताटली असते, म्हणून माइक नसला तरी आवाज मांडवाबाहेर जातो. भिवंडीत ते इंग्रजी नाव कोण घेणार? सगळे म्हणतात, ताटलीवाली!

*

ताटलीवालीच्या तारा पिळायच्या जुन्या चाव्या पार झिजलेल्या. तार पिळली की गाणं संपेपर्यंत सैल! नाना हात वर करायचे, "थांबा रं! उतरली!" मग बायकांच्या घोळक्यातून जनाकाकू सूर द्यायच्या. काकू म्हणजे नानांच्या मिसेस, आणि धवलारीण. आमच्याकडे पूर्वी धवले, म्हणजे विधीची गाणी, गाऊन लग्न लावायची ती; आता बहुतेक भटजीच बोलावतात. त्यांच्या सुरावर नाना तारा लावायचे. ट्यूनर घ्या म्हटलं तर म्हणायचे, "लगीन केलं तवाच घेतलाय न!"

काकू एकदा सूर लावला की सोडायच्याच नाहीत. त्यातूनच धवला सुरू व्हायचा, म्हाताऱ्या बाया मागून धरायच्या, आणि नाचायला आलेली पोरं वैतागून उभी. एकदा एका घरच्या जावयाने तोंडावर सुनावलं, "नाना, तुमच्या गाण्यापेक्षा चाव्याच जास्त फिरतात!" मांडव हसला. नानांना ते लागलं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी नव्या चाव्यांची ऑनलाइन ऑर्डर टाकली.

*

नानांचा पुतण्या रूपेश जवळच्याच पूर्णा गावात, ऑनलाइन मालाच्या गोदामात ड्युटीला. त्याला पट्ट्यावर नानांच्या नावाचा बॉक्स दिसला. त्याने फोन केला, आणि नाना रिक्षा करून गेटवर हजर! पण बॉक्स हातात मिळेना. "काका, सिस्टीम हाय. घरीच येल." नानांच्या डोळ्यांदेखत बॉक्स ट्रकात चढला, मुंबईचं दुसरं टोक बघून आला आणि मग घरी पोचला.

काकू म्हणाल्या, "नवरी शेजारची, नि वरात जगभर फिरली!"

*

आता सलीम मिस्त्री. धामणकर नाक्याजवळच्या कारखान्यात लूम दुरुस्त करतो, आमच्यात खंजिरी वाजवतो. या माणसाने जन्मात चूक कबूल केलेली नाही. कापडाला भोक पडलं? "सूत खराब." बिर्याणी करपली? "चूल्हा खराब." सलीमचं काम खराब? तौबा!

नव्या चाव्यांचे दांडे जाड निघाले. गिटारची भोकं मोठी करायला सलीमने ड्रिल लावलं, तेव्हा नाना बाहेर जाऊन उभे राहिले. त्यांना ते बघवेना. सलीमने चाव्या बसवल्या आणि सवयीने वरून लूमचं तेलही सोडलं! नाना ओरडले तर म्हणतो, "बिना तेल की मशीन? गुनाह है, नाना!"

आता वाजवून बघायचं, तर लूमच्या खडखडाटात काही ऐकू येईना. मग सगळे लाइट जायची वाट बघत बसलो. आमच्याकडे ती फार बघावी लागत नाही! लाइट गेली, लूम थांबले, नानांनी तार छेडली. काय घुमली! कामगारांनी टाळ्या वाजवल्या. सलीम छाती काढून म्हणाला, "सलीम के हाथ का काम है. मरते दम तक नहीं उतरेगी!"

*

आणि नाहीच उतरली. त्या सीझनला गाण्याला गाणं जोडून वाजवलं. पोरं खूश, यजमान खूश. काकू बायकांत बसून असायच्या. कुणी सूर मागेना, म्हणून त्याही गाईनात.

एकदा पंगतीत मी विचारलं, "काकू, चाव्या कशा वाटल्या?"

"बेस हायेत. मना आता सुपारी कातरायला टाइम भेटतो."

आम्ही खो खो हसलो. ते हसणं आठवलं की आता जिवाला लागतं. एकाने तरी म्हणायचं होतं, काकू, एक धवला होऊ द्या! पावसाळ्यात काकू तापाने गेल्या. त्यांनी शेवटचा धवला कुठल्या मांडवात गायला, ते आमच्यात कुणालाच आठवत नाही.

*

त्यानंतर नाना पहिल्यांदा वाजवायला आले ते वज्रेश्वरीकडच्या एका हळदीला. पहिलं गाणं झकास झालं. ते संपता संपता नानांनी हळूच एक चावी उलटी फिरवली. मी बाजूलाच होतो, मी पाहिलं. सलीमनेही पाहिलं. तार एकदम सैल पडली.

नानांनी हात वर केला. "थांबा रं! उतरली!"

आणि बायकांच्या घोळक्याकडे बघत राहिले.

कुणीतरी पोरगा ओरडला, "ओ नाना, चाव्या तर नवीन आहेत ना? मग कशी उतरली?"

नानांचा हात त्या चावीवरच राहिला.

सलीमने खंजिरी खाली ठेवली.

"मेरी गलती है," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "मैंने ही गलत बिठाई. नाना, आप आराम से लगाओ."