माझा डावा गाल आणि काकांची बंदूक

रविवारी सकाळी आम्ही तिघं रेंजवर जातो: मी, माझा नवरा समीर आणि बर्वे काका. फरीदाबादला घरी परतेपर्यंत गाडीत एखादा तरी नवा किस्सा जमा झालेला असतो, आणि त्यातले निम्मे माझ्या डाव्या हातामुळे!

मी डावखुरी. छंद कसला, तर हवेत उडणाऱ्या मातीच्या चकत्या शॉटगनने फोडायच्या. आणि बंदुका बघाव्या तर सगळ्या उजव्यांच्या. त्यांचा लाकडी दस्ता किंचित उजवीकडे वळवलेला असतो, त्यामुळे उजव्या माणसाचा गाल त्यावर छान टेकतो. मी ती डाव्या खांद्याला लावली की बार निघताच तेच लाकूड माझ्या गालावर सणसणीत बसतं.

*

आमचे कोच हरयाणाचे. त्यांनी पहिल्याच दिवशी उपाय सांगितला, की हात बदल. जसं काही चप्पल बदलायची होती! पण मी हट्टी. महिनाभर उजव्या हाताने दात घासले, आमटी-भात जेवले, ऑफिसात माउस फिरवला. मग एका रविवारी उजव्या खांद्यावरून अख्खा राउंड मारला. सगळ्या चकत्या जशा उडाल्या तशाच खाली आल्या.

कोचसाहेबांनी खाली पडलेल्या अख्ख्या चकत्या बघितल्या. मग म्हणाले, "चलो, दांत तो साफ हुए."

*

मग दुकानं पालथी घातली. एका दुकानदाराने फोनवर शपथेवर सांगितलं, लेफ्टवाला पीस आलाय. मी ऑफिसला दांडी मारून मेट्रोने धावत गेले. बंदूक खांद्याला लावली, तर गालाला तेच लाकूड. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, भाईसाब, ही उजवीच आहे.

तो जराही डगमगला नाही. बंदूक स्वतःच्या उजव्या खांद्याला लावून भिंतीवरच्या आरशासमोर उभा राहिला आणि हनुवटीने आरसा दाखवला.

"अब देखिए मॅडम. बिल्कुल लेफ्ट."

*

दर सोमवारी माझा डावा गाल निळा. ऑफिसात मी कन्सीलर लावून जायचे, पण सोसायटीच्या लिफ्टमध्ये शेजारच्या मल्होत्रा आंटींनी गाल बघितला. माझ्याशी चकार शब्द बोलल्या नाहीत. संध्याकाळी समीरला मात्र पार्किंगमध्ये गाठलं. हा बिचारा झुरळसुद्धा कागदावर घेऊन बाहेर सोडणारा माणूस! आंटींनी त्याला चांगलंच फैलावर घेतलं. शरम, संस्कार, पोलीस, सगळं काढून झालं.

समीर कसाबसा म्हणाला, आंटी, ते बंदुकीमुळे होतं. ती नेमबाजी करते.

आंटी आणखी भडकल्या. "शरम नहीं तो डर तो होना चाहिए! बंदूक उसके पास है!"

हे ऐकून बर्वे काका इतके हसले, की गाडी बाजूला घ्यावी लागली.

*

काकांची नोकरी दिल्लीत सरकारी. सरोजिनी नगरच्या क्वार्टरमधून रिटायर झाले आणि आमच्या खालच्या मजल्यावर राहायला आले. उजव्या हाताचे. त्यांची स्वतःची बंदूक आहे, आणि तिला कुणी हात लावलेला त्यांना खपत नाही. काकू कपाट पुसायला लागल्या तरी हे शेजारी जाऊन उभे राहतात.

माझ्यासाठी मात्र त्यांनी क्लबच्या बंदुकीच्या दस्त्यावर जुन्या स्लीपरचा तुकडा चिकटवला. पहिल्याच बाराला तो उडाला आणि पुढे गवतात पडला. काका म्हणाले, "चकती नाही, निदान चप्पल तरी पाडलीस."

मी हसले, पण परतताना गाडीत रडू फुटलं. गाल इतका घाबरला होता, की बार निघायच्या आधीच माझे डोळे मिटायचे. मी दोघांना सांगून टाकलं, की राज्याच्या संघाची निवड चाचणी जवळ आलीय, तेवढी देते. तिथेही डोळे मिटले तर संपलं, हा खेळ सोडला.  काकांनी निवडीची तारीख तेवढी विचारली.

*

त्यानंतर दोन रविवार काका आले नाहीत. बंदूक सर्व्हिसिंगला दिलीय म्हणाले.

निवडीच्या दिवशी मात्र हजर. पेटी उघडली आणि ती बंदूक, जिला काकूंचाही हात चालत नाही, सरळ माझ्या हातात दिली.

"सर्व्हिसिंगनंतर हिला जरा मोकळं करावं लागतं. आज तूच चालव."

मी ती डाव्या खांद्याला लावली. गाल लाकडावर अलगद टेकला. पहिली चकती उडाली, माझे डोळे उघडेच होते, आणि चकतीचा भुगा झाला. मग दुसरीचा. यादीत माझं नाव आलं तेव्हा समीर इतका ओरडला, की कोचसाहेबांनी त्याला रेंजबाहेर काढलं. मला काकांच्या पाया पडावंसं वाटलं. म्हटलं, काका, तुमची बंदूक मला कशी काय बसली? ते म्हणाले, चांगली सर्व्हिसिंग केली की सगळ्यांना बसते.

पुढच्या रविवारी त्यांनी त्याच बंदुकीने नेहमीचा राउंड मारला आणि चहाला येऊन बसले. बघते तर त्यांचा उजवा गाल निळा झालेला.

"काका, गालाला काय झालं?"

काकांनी बशीत चहा ओतला, शांतपणे फुंकर मारली.

"काही नाही गं. तुझ्या काकूनं मारलं."