माणिकची हिरवी मादी

माणिक उद्या एम.एस्सी.तून नाव काढून घेणार, ही काळजी काही केल्या डोक्यातून जात नाही. माणिक माझी मुलगी, वय तेवीस. आज अंधेरीला माझ्या बहिणीकडे, शुभाकडे राहिली आहे. सकाळी दहाला कॉलेजात तिच्या मार्गदर्शकांच्या, विद्याधर सरांच्या हातात पत्र देणार.

मुलुंडला आमच्या मागच्या गॅलरीत दोन वर्षं तिच्या बरण्या आहेत, तोंडाला मलमल बांधलेल्या. आत खंडोबाचे किडे, म्हणजे प्रार्थनाकीटक, पुढचे पाय जोडून बसलेले. मोठी हिरवी जात झुडपांतली, लहान तपकिरी सालीवरची. मादी नराला बोलावते कशी, हा माणिकचा विषय. अंधार पडला की मादी पोटाचं टोक खाली वाकवते आणि कुठूनसा हिरवा नर येऊन मलमलीवर बसतो. बरणीला काळा कागद गुंडाळला तरी येतो. तपकिरी तिकडे फिरकत नाही.

“म्हणजे वासानं गं, आई. प्रत्येक जातीचा वेगळा.”

“आणि जवळ गेला की खाते ना त्याला?”

“कधी कधी. म्हणून तो थांबत, झुलत जातो. तू आणतेस त्या स्थळांपेक्षा शहाणा!”

थंडी पडली तशा माद्या मेल्या, हिरवी एकच उरली. तीन रात्रींचं टिपण बाकी होतं. माणिकला आठवडाभर ताप, तरी गॅलरी सुटेना. त्यात चंपाषष्ठी आली. खंडोबा आमचं कुलदैवत. तळी उचलली, येळकोट म्हटला आणि मनात आलं, देवाच्या नावाचा जीव कोंडलाय, म्हणूनच पोरीचा ताप हटत नाही. मी बी.ए. झालेली बाई. भंडाऱ्याच्या हातांनीच मलमल सोडली आणि मादी कढीलिंबावर ठेवली.

“दोरा मीच सैल बांधला असणार,” माणिक म्हणाली. “एवढं जमत नाही, मी कसलं संशोधन करणार?”

मी गप्प राहिले. दुसऱ्या दिवशी ताप उतरला, मग तर जास्तच गप्प. पण माणिक स्वतःची शिक्षा स्वतः ठरवते. दहा वर्षांची असताना हातून दुधाचं पातेलं सांडलं, तर आठ दिवस दूध प्यायली नव्हती.

खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरांकडे फोन आहे. ते सहाला उठतात. शुभा आधी घरातल्या सगळ्यांची चौकशी करेल, तिला थांबवून माणिकला बोलवायला सांगेन. मादी मी सोडली, हे पहिल्याच वाक्यात सांगायचं. का सोडली, ते तिनं विचारलं तर.