टिन ऑर्चर्डचा ऑर्गनवाला पांढरकवड्यात

साठच्या दशकात इंग्लंडमध्ये शेकडो पोरांनी बँड काढले, एखादी रेकॉर्ड केली आणि ते गायब झाले. अशा विसरलेल्या बँडांचा माग काढणं हा माझा छंद. एरवी बँकेची नोकरी सांभाळून, नागपुरात घरी बसून, ईमेलवरच सगळं चालतं. गेल्या डिसेंबरात मात्र घराबाहेर पडावं लागलं, आणि तेही पांढरकवड्याला.

‘द टिन ऑर्चर्ड’ हा इंग्लंडमधल्या एका गिरणगावातल्या चार पोरांचा बँड. एकच रेकॉर्ड, दोन गाणी. दुसऱ्या गाण्यासाठी ‘ऑर्गन : आर. शेख’ असं छापलंय, पण त्यात ऑर्गन कुठेच वाजत नाही. मध्ये बराच वेळ नुसते ड्रम आणि बास चालू राहतात. हा सायकेडेलिक संगीतातला मोठा प्रयोग आहे, असं संग्राहक छातीठोकपणे सांगतात. गायक टेरी आता वृद्धाश्रमात आहे. त्याच्या नातीनं मला कळवलं, “ऑर्गनवाला रहीम यवतमाळ जिल्ह्यातल्या पांढरकवड्याचा. न सांगता निघून गेला. आजोबा त्याचं नाव काढत नाहीत.”

बँकेतला एक सहकारी पांढरकवड्याचाच निघाला. त्यानं घरी फोन करून विचारलं. रेडिओ दुरुस्तीवाले रहीमचाचा तिथं सगळ्यांना माहीत होते.

नागपूरहून सकाळची एसटी पकडली. महिलांना अर्धं तिकीट, त्यामुळे खर्चाचं काही वाटत नाही. हिंगणघाट मागे पडलं की दोन्ही बाजूंना कापूस आणि तूर. रस्ता उत्तम आहे; अडलो ते फक्त कापसानं फुगलेल्या गाड्यांमागे. स्टँडसमोर गरम आलुबोंडा रस्सा खाल्ला. तिखट झेपत नसेल तर रस्सा वेगळा मागा.

चाचांची मुलगी नसरीन शाळेत शिकवते. तिनंच दार उघडलं. “अब्बा इंग्लंडला कारखान्यात होते एवढंच आम्हाला माहीत, ताई. बँडचं तुमच्याकडूनच ऐकतेय.”

चाचा ऐंशीच्या पुढचे, ताठ बसलेले. मी टेरीचं नाव घेतलं.

“टेरी जिता हाये?” त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. “त्याले वाटत असन, मी पळून गेलतो.”

“तुमची रेकॉर्ड माझ्या फोनमध्ये आहे,” मी म्हटलं.

“रेकॉर्ड निघाली? आमची?”

मी फोनवर दुसरं गाणं लावलं. ते कान देऊन ऐकत होते. मधला तो रिकामा भाग आला आणि ते एकदम पुढे झुकले.

“थांब. हे तं माही जागा हाये. इथं मी वाजवत होतो.” गाणं पुढे गेलं. “यायनं दुसऱ्या कोनाले बसवलंच नाही, बेटा.”

मग त्यांनी सांगितलं. अब्बा गेल्याची तार आली. घरी दोन बहिणी लग्नाच्या. टेरी त्या दिवशी गावात नव्हता. महिन्याभरात परत येतो म्हणून हे निघाले, ते इथेच राहिले.

“मंग चिठ्ठी काहून नाही लिहिली, अब्बा?” नसरीननं विचारलं.

“काय लिहू? आता येत नाही, असं लिहाले हात धजत नव्हता. रोज म्हनो, उद्या लिहीन.”

टेरीच्या नातीला मेसेज केला. तिकडे सकाळ होती. घरात नेटवर्क येत नव्हतं, म्हणून आम्ही चाचांना धरून गच्चीवर नेलं. पडद्यावर एक टकला, गोरा म्हातारा दिसला.

“न सांगता गेलास,” तो इंग्रजीत म्हणाला.

“वडील वारले, टेरी,” चाचा अडखळत त्याच भाषेत म्हणाले. “चुकलं माझं.”

टेरीनं चष्मा काढला. “ड्रमरनं ऑर्गनवर दुसऱ्याला बसू दिलं नाही. म्हणाला, रहीम आला की भरू. स्टुडिओचे पैसे संपले, आणि रेकॉर्ड तशीच निघाली.”

नसरीन डोळे पुसत होती. पुढचं माझ्यासाठी नव्हतं. फोन तिच्या हातात देऊन मी खाली आले.

जेवायला ज्वारीची भाकर आणि झणझणीत मटण होतं. चाचा नीट जेवले. मुक्काम त्यांच्याकडेच झाला. सकाळी नसरीननं स्कूटरवरून केळापूरचं देऊळ दाखवलं. जवळच आहे, वेळ असेल तर चुकवू नका. दुपारच्या एसटीनं मी परत निघाले.

घरी आल्यावर संग्राहकांच्या फोरमवर खरा प्रकार लिहिला. एकानं उत्तर दिलं की त्याला प्रयोगाचीच गोष्ट जास्त आवडते. मी वाद घातला नाही. ते गाणं मी शेकडो वेळा ऐकलंय; आता तो भाग आला की हातातलं काम थांबतं.

परवा नसरीनचा फोन आला. दोघं दर रविवारी बोलतात म्हणे.

“काय बोलतात?” मी विचारलं.

“भांडतात, ताई. गाण्याची लय कोण बिघडवायचं, यावरून. मागच्या रविवारी अब्बांनी रागात फोन कापला.”

“मग?”

“अर्ध्या तासानं म्हणाले, लाव गं त्याले परत. वाट पाहून राह्यला असन.”