व्हिडिओवाले भाऊ

"आता मला बघू नका, साडी बघा," असं म्हणत भाऊ गादीवर उभे राहायचे. हातातली साडी झटक्यात उलगडायची, चिमटीने निऱ्या धरायच्या, पदर डाव्या खांद्यावर टाकायचा आणि मान किंचित कलती करायची. पन्नाशी उलटलेला, मिशांमध्ये पांढरं डोकावणारा माणूस, पण समोर बसलेल्या बायका खरंच त्याला विसरून जायच्या. त्यांना दिसायचं ते लग्नाच्या मांडवात उभं असलेलं आपलंच रूप.

सुरतेत रिंग रोडवरच्या कापड मार्केटात आमच्या शेठचं दुकान आहे. मी तिथे बिलं करते. भाऊ मूळचे खानदेशातले, अमळनेरकडचे. लूमवर कामाला म्हणून आले आणि शेठच्या वडिलांनी त्यांना साड्या दाखवायला गादीवर बसवलं. गिऱ्हाईक बघून ते गुजराती, हिंदी, मराठी बोलत. घरून फोन आला की मात्र अहिराणीत शिरत आणि आवाजही मोठा होई.

भाऊंना तुम्ही कदाचित पाहिलंही असेल. त्यांचा व्हिडिओ तुमच्या फोनवर येऊन गेला असेल. एका गिऱ्हाईक मुलीने तो गुपचूप काढला. मग कुणीतरी मागे नवरीच्या पाठवणीचं गाणं लावलं, कुणी त्यांच्या कपाळावर टिकली चिकटवली. चार दिवसांत भाऊंच्या कलत्या मानेचं स्टिकर झालं. नाशिकहून माझ्या बहिणीने मला तेच पाठवलं, खाली 'येते हं मी' असं लिहिलेलं. मी तिला कळवलं, "अगं, हे आमचे भाऊ आहेत, समोरच बसलेत." तिचा विश्वासच बसेना.

मी भीतभीतच त्यांना व्हिडिओ दाखवला. त्यांनी चष्मा लावला, तीनदा पाहिला. हसले नाहीत, चिडलेही नाहीत.

"पदर जरा जास्त ओढला गेला," एवढंच म्हणाले.

खोटं कशाला सांगू, सुरुवातीला त्यांना मजाही वाटली. बसमध्ये पोरी सेल्फी मागायच्या, तेव्हा ते आधी कॉलर नीट करायचे. शेठ तर हरखूनच गेले. गादीसमोर गोल दिवा आला, फोन ठेवायला स्टँड आला. दिवसातून कितीदा तरी शेठची हाक यायची, "भाऊ, पेलुं व्हिडिओवाळुं करो ने!" भाऊ उठायचे, व्हिडिओतलं ते पुन्हा करून दाखवायचे. पण मी रोज समोर बसणारी, मला फरक कळत होता. मान आता जरा जास्तच कलायची, पापण्या जरा जास्तच लवायच्या. भाऊ त्या व्हिडिओतल्या माणसाची नक्कल करत होते.

मग गावाकडच्या एका वर्गमित्राचा फोन आला. भाऊ बाहेर जिन्यात जाऊन बोलले. जेवताना मी विचारलं तेव्हा म्हणाले, "विचारत होता, सुरतेत बायकांचं काम करतोस का म्हणून. सगळ्या गावात फिरवलाय व्हिडिओ." डब्यातली भाकरी तशीच राहिली.

पण त्यांचा खरा घाव वेगळाच होता. तो त्यांनी मला नंतर सांगितला.

"हसण्याचं वाईट नाही वाटत, ताई. गिऱ्हाईक हसलं तर बरंच असतं, मोकळं होतं. पण आता मी तोंड उघडायच्या आधीच हसतात. बारडोलीहून मायलेकी आल्या होत्या ना परवा? पोरीच्या लग्नाची साडी घ्यायची होती. पोरीने सगळा वेळ फोन माझ्यावर धरला. आई बिचारी 'ही बघ, ती बघ' करत राहिली. साडी न घेताच गेल्या."

दुसऱ्या दिवशी त्यांनी शेठना हात जोडले. "शेठ, हवं तर वर घडी करायला बसवा. अंगावर घेऊन दाखवणार नाही." शेठ रागावले, समजावून पाहिलं, शेवटी आग्रह सोडला. भाऊ गादीवरच राहिले, पण साडी हातावर पसरून दाखवू लागले, इतर सगळे दाखवतात तशी. पुढे लोकांना हसायला दुसरं कुणीतरी मिळालं. गोल दिवा माळ्यावर गेला. बसमध्ये भाऊंना कुणी ओळखेना. तरी साडी काही खांद्यावर गेली नाही.

आता भाऊ मार्केटात नाहीत. गुडघे मांडी घालू देईनात, म्हणून गावी गेले. त्यांच्या जागी फायबरची बाई उभी केली आहे. तिचा पदर पिनांनी टाचलेला असतो.

पण ते जायच्या आधीची एक दुपार सांगायलाच हवी. भाचीच्या लग्नाची साडी घ्यायला वहिनी, म्हणजे भाऊंची बायको, दुकानात आल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. चपला काढून अंग चोरून गादीच्या कडेला बसल्या. भाऊ इतके गोंधळले की परक्या बाईला विचारावं तसं म्हणाले, "या. काय दाखवू?"

"फोनमा दखाडतस ना, तशी दखाडा," वहिनी म्हणाल्या. मग जरा थांबून, "इतला वरीस व्हयनात, मना पदर कधी नीट करा नही."

नवऱ्याने आपला पदर कधी नीट केला नाही, ही तक्रार ऐकून आम्ही सगळे हसलो. भाऊ हसले नाहीत. त्यांनी मागच्या फळीवरून बारीक काठाची हिरवी साडी काढली, उभे राहिले आणि कित्येक महिन्यांनी पदर खांद्यावर घेतला. मान पूर्वीसारखीच कलली, किंचित.

वहिनी बघत राहिल्या. मग उठून गादीवर चढल्या, भाऊंच्या खांद्यावरचा पदर काढून त्यांनी आपल्या खांद्यावर घेतला आणि म्हणाल्या, "देखा बरं."

भाऊ मागे सरकले. शेजारच्या सेल्समनने सवयीने घडी घालायला हात पुढे केला, तर भाऊंनी त्याचं मनगट धरलं.

"राहू दे," ते म्हणाले. "राहू दे थोडा वेळ."