नीरमाचा दगड

११ मे १९८६. लाँचवर अकरा माणसे होती. सात वाचली, चार गेली.

लाकडी लाँच दुबईहून तांदूळ आणि कापड घेऊन इराणच्या किनाऱ्याला गेली होती. माल उतरवून ती रिकामी परतत असताना संध्याकाळी वारा उठला आणि ती एका कुशीवर कलंडली. गेलेल्या चौघांपैकी एक कच्छच्या मांडवीचा होता, एक बलुची, एक मलबारी. चौथा रघू, वय सव्वीस, वाशिष्ठीच्या खाडीच्या मुखाजवळ असलेल्या खालचीवाडीचा. भागूबाईचा एकुलता एक मुलगा.

तार आली त्या दिवसापासून भागूबाईचे बसणे संपले. ती दारात उभ्यानेच चहा पिई. मासळी निवडतानासुद्धा दर थोड्या वेळाने उठे, खाडीपर्यंत जाई आणि काहीच न करता परत येई. तिचे माहेर हर्णैचे. लग्न होऊन या वाडीत आली तेव्हा ती पंधरा वर्षांची होती. नवरा तापाने गेल्यावर तिने सुकी मासळी विकून मुलगा वाढवला. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढल्या की बोंबील, सोडे, जवळा टोपलीत भरून ती एसटीने चिपळूणला, तिथून सावर्ड्याच्या बाजाराला जाई. वरच्या गावांतील शेतकरी बायका तिची वाट पाहत. ज्यांनी समुद्र कधी पाहिला नव्हता त्यांच्या पावसाळ्यातल्या जेवणाला समुद्राची चव होती, ती भागूबाईच्या टोपलीतून गेलेली. ही वाट तिच्याहून फार जुनी होती. दाभोळ मोठे बंदर होते त्या काळी घाटावरचे कापड बैलांच्या पाठीवरून याच बाजूने खाली येई, आणि हुर्मुजहून उतरलेले घोडे, खजूर याच बाजूने वर जात. घोडे गेले, बैल गेले. टोपली राहिली.

त्या वर्षी मात्र बाजारातही ती उभीच राहिली.

"बस की गो जरा," शेजारी भाजी घेऊन बसलेली गोदा म्हणाली. "गिऱ्हाईक पळून नाय जायचं."

"माज्या पायाला सांग. माजं ऐकत नाय."

"पोराचा दगड ठेवलास?"

भागूबाईने टोपलीतले बोंबील उगाच वरखाली केले. सगळी बेचैनी त्या दगडापाशीच होती.

खालचीवाडीत देवळाच्या अलीकडे, खाडीकडे तोंड करून, एक चौथरा आहे. सारा मुलूख तांबड्या जांभ्याचा; चौथऱ्यात मात्र जांभ्याचा एकही चिरा नाही. करडे, गुलाबी ठिपक्यांचे, काळसर हिरवे, पाण्याने गुळगुळीत झालेले वेगवेगळ्या मुलखांचे धोंडे तिथे एकावर एक रचलेले आहेत. रिकामे जहाज समुद्रात उलटू नये म्हणून त्याच्या तळाशी दगडांचे वजन भरत. त्या वजनाला नीरम म्हणतात. माल मिळाला की नीरम काढून टाकायचे, माल उतरला की पुन्हा भरायचे. असे दगड बंदरा-बंदरांतून फिरत. वाडीची रीत अशी की जो दर्यावर गेला आणि ज्याचे शरीर घरी आले नाही, त्याच्यासाठी नीरमातला एक दगड चौथऱ्यावर ठेवायचा. तो आणायचा त्याच्याबरोबरच्या परतलेल्या माणसाने. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देण्याआधी वाडीतला सर्वांत वृद्ध तांडेल, म्हणजे होडीवरचा म्होरक्या, चौथऱ्यावरची सगळी नावे मोठ्याने घेतो, आणि प्रत्येक नावाला बायका मूठभर तांदूळ ठेवतात. ज्याचे नाव घेतले जात नाही तो वाटेतच राहिला, असे वाडी समजते.

म्हणून भागूबाई जानूची वाट पाहत होती. जानू तिच्या दिराचा मुलगा, वाचलेल्या सातांपैकी एक. रघूला दुबईला नेले तेही त्यानेच. आषाढात तो विमानाने मुंबईला आणि तिथून एसटीने घरी आला. त्याच्या हातात टेपरेकॉर्डर होता, दोन घोंगड्या होत्या. भागूबाईने पिशवी स्वतः रिकामी करून पाहिली.

"दगड खंय?"

"काकी, कसला दगड? नीरमच नव्हतं."

"रिकामी लाँच नि नीरम नाय?"

"मशीनची लाँच ती. मालक म्हणाला, दगड भरायला एक दिवस जातो, काढायला एक दिवस जातो. खेप बुडते." जानू खाली पाहत म्हणाला. "बुडली ती लाँचच."

भागूबाई खोलीत एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत गेली. "मग तुमाला काढलं कुणी?"

"थयल्या कोळ्यांनी. रातभर आमी पिंपांना धरून व्हतो. सकाळी त्यांच्या होड्या आल्या. अंगावरचं काढून त्यांनी आमाला दिलं. खजूर दिलं, मासळी दिली. आपल्यासारखीच, वाळूत सुकवलेली. एक म्हातारी तर माज्या तोंडावर हात फिरवून काय काय बोलत व्हती. मला कळलं नाय."

"आणि रघू?"

"दुसऱ्या दिवशी ट्रक आला, आमाला शहरात नेलं. थांबायला कुणी दिलं नाय. मागनं कोण किनाऱ्याला लागलं असंल, तर त्यांनीच..."

"गावाचं नाव काय त्या?"

जानूने टेपरेकॉर्डरचे झाकण उघडले आणि मिटले.

"विचारलं नाय?"

"नाय, काकी."

"ह्या पेटीत किती सेल घालायचं ते ठावं हाय तुला. ज्यांनी तुजा जीव वाचवला त्यांच्या गावाचं नाव ठावं नाय." तिने टेपरेकॉर्डर उचलून त्याच्या मांडीवर ठेवला. "वाजव. पाऊस पडतोय, काम नाय, वाजव."

जानूने तो वाजवला नाही. पुढे किती तरी दिवस त्या घरातून गाण्याचा आवाज आला नाही.

जुन्या काळच्या व्यापाराविषयी बोलताना आपण मालाविषयी बोलतो: मिरी, कापड, घोडे. पण त्या व्यापाराने माणसे जोडली ती मालामुळे कमी आणि वाऱ्यामुळे जास्त. शिडाचे जहाज एका वाऱ्याने येई आणि परतीच्या वाऱ्यासाठी त्याला महिनोन्‌महिने थांबावे लागे. वारा फिरेपर्यंत अरब खलाशी दाभोळच्या खाडीत अडकून पडे आणि खाडीचा खलाशी अरबांच्या किनाऱ्यावर. त्या सक्तीच्या मुक्कामात ते एकमेकांचे शब्द शिकले, एकमेकांच्या घरी जेवले, आजारी पडले, काही तिथेच संसाराला लागले, काही तिथेच मेले. परक्याचे काय करायचे, हा प्रश्न किनाऱ्याला टाळता येत नसे, कारण परका दारातच बसलेला असे. इंजिनाने वाऱ्याची गरज संपवली. त्याबरोबर थांबणे संपले, आणि थांबण्याबरोबर जी देणीघेणी निर्माण होत तीही. जानू एका रात्रीत त्या गावाचा झाला आणि दुसऱ्या सकाळी ट्रकमध्ये बसला.

श्रावण लागल्यावर भागूबाई भागोजी तांडेलाकडे गेली. भागोजी पंचाहत्तरीचा. शिडाच्या पडावावरून, जुन्या मालवाहू होडीवरून, मलबारची कौले आणलेला वाडीतला तो अखेरचा माणूस, आणि पौर्णिमेला नावे घेणाराही तोच. तो ओटीवर जाळे विणत बसला होता. ती पायरीवर उभी राहिली.

"तांडेल, रघूचं नाव घ्याल ना?"

"दगड आला?"

"नीरमच नव्हतं लाँचवर."

"मग कसं घेऊ, भागू? दगडाबिगर नाव घेतलं तर ते बसंल कशावर?"

"हितल्याच पुळणीवरनं आणते एक गोटा."

"नि म्हणशील हाच तो? दर्याला फसवशील?"

"तुमचा दर्या लई खरा! माज्या पोराला गिळताना त्यानं नीरम बघितलं?"

म्हातारा हसला नाही, रागावलाही नाही. गाठ मारून त्याने दोर ओढला. "नियम मी नाय केला. माज्या आज्यानं सांगितला, त्याला त्याच्या आज्यानं."

भागूबाई पायरी उतरली, अंगणात एक फेरी मारली आणि परत आली. "पयली नावं घ्या बगू."

"आज? पुनव नाय, काय नाय."

"घ्या. ऐकायचीत."

भागोजीने डोळे मिटले. सवयीनेच त्याचा आवाज बदलला. "हसन हुर्मुजकर. सालेम. याकूत हबशी. सालेमचा भाऊ. मग आपला रावजी..."

"थांबा. ह्यो हसन, ह्यो सालेम... ह्यांचं दगड कुणी आणलं?"

"कुणी आणायचं? हितंच मेले ते, वाऱ्याची वाट बघत. गावानं ठेवलं. त्यांच्याच जहाजातलं नीरम घेऊन."

"म्हंजे पयलं दगड आपल्या माणसांचं नायच."

"नाय. चौथरा मुळात त्यांचाच. मागनं आपलं लोक गेलं, थयं राह्यलं, मग आपलंही ठेवायला लागलो."

कितीतरी वर्षे तिने या नावांवर तांदूळ ठेवले होते. जुने देव असतील अशी तिची समजूत होती. आता तिला एकदम दुसरेच काही आठवले, आणि पायरीवरचे तिचे पाय स्थिर झाले.

"तांडेल, दोन वर्सामागं दिवाळीत पुळणीवर लागला व्हता, तो?"

भागोजीचा हात जाळ्यावर थांबला. निळी लुंगी, दंडाला ताईत, चेहरा ओळखू न येणारा. कुठल्या जहाजावरचा, कोणाला कळले नाही. पंचनामा झाला आणि केवड्याच्या बनामागे वाडीनेच त्याला पुरले. त्या वेळी भागोजीने विचारले होते, ह्याचा दगड ठेवायचा का? माणसे एकमेकांकडे पाहत राहिली. मासळी वाळत घालता घालता भागूबाईच बोलली होती: आपल्याला काय त्याचं? ज्याचा तो बघून घेईल. सगळ्यांना ते पटले होते, कारण सगळ्यांनाच घाई होती.

"त्याचा नाय ठेवला," भागोजी म्हणाला.

"मीच बोल्ले व्हते."

"आमी ऐकलं. तोंड तुजं, कान आमचं."

त्याच दिवशी ती जानूला घेऊन खाडीच्या आतल्या वळणावर गेली. तिथे चिखलात वाडीचा शेवटचा शिडाचा पडाव कुजत पडला होता. भागोजीनेच तो तीस वर्षांपूर्वी तिथे लावला होता. त्याच्या तळातले नीरम लोकांनी केव्हाच नेले होते. कोणाच्या न्हाणीत, कोणाच्या पायरीत ते दगड चुन्यात पक्के झाले होते. ओहोटीला दोघे कमरेपर्यंत चिखलात उतरली. सापडल्या त्या फळ्या, शिंपा आणि खेकडे.

"काकी, नाय काय हितं."

"दुबईत रोज बारा तास राबत व्हतास म्हणतोस. हितं दोन तासात दमलास?"

भरती लागायच्या बेताला जानूच्या हाताला कण्याच्या लाकडाखाली अडकलेले काहीतरी लागले. त्याने ते छातीशी धरून वर काढले: करड्या रंगाचा, नारळाएवढा, एका बाजूने सपाट झालेला धोंडा. त्यानंतर त्यांनी पुन्हा पुन्हा चाचपले. दुसरा नव्हता.

जानू रडू लागला. "रघूचा झाला, काकी."

भागूबाईने दगड धुतला, पदराने पुसला. पूर्ण वाटभर तो तिने जानूच्या हाती परत दिला नाही.

पौर्णिमेला चौथऱ्यापाशी सगळी वाडी जमली. भागोजी नावे घेत गेला, तांदूळ पडत गेले. अखेरचे नाव झाल्यावर तो भागूबाईकडे वळला. ती पुढे आली आणि तिने तो करडा धोंडा हसन हुर्मुजकराच्या शेजारी ठेवला, आपल्या माणसांच्या बाजूला नाही.

"रघू..." भागोजीने सुरुवात केली.

"रघू नाय. केवड्यामागचा हाय, त्याचा."

गर्दीत कुजबूज झाली. जानूने पुढे होऊन तिचा हात धरला. "काकी, एकच हाय! दुसरा मिळायचा नाय. रघूचं काय?"

"रघू थयं गेला. त्याचा दगड थयल्या लोकांनी ठेवायचा, जुनी रीत तीच हाय." तिने केवड्याच्या बनाकडे हात केला. "हा आपल्याकडं आला, आपण नाय ठेवला. मग मी कुठल्या तोंडानं म्हणू, तुमी माज्याचा ठेवा म्हणून?"

"त्यांनी ठेवला का नाय, कसं कळणार?"

"नाय कळणार."

भागोजीने वाकून त्या धोंड्याला हात लावला. "नाव काय घेऊ, भागू?"

"नाव नाय ठावं. दिवाळीत आलेला म्हणा."

"दिवाळीत आलेला," म्हाताऱ्याने मोठ्याने म्हटले. भागूबाईने मूठभर तांदूळ ठेवले. तिच्या मागे एक बाई आली, मग दुसरी. काही जणी आल्या नाहीत. पोटच्या पोराला वाटेत ठेवून परक्याला घरात घेतला, असे त्या नंतर पाणवठ्यावर बोलल्या. जानू तांदूळ न ठेवता निघून गेला, आणि अर्ध्या वाटेवरून परत येऊन त्याने ते ठेवले.

पाऊस ओसरल्यावर जानू पुन्हा दुबईला गेला. जाताना भागूबाईने त्याला काही मागितले नाही, एवढेच सांगितले की त्या गावाचे नाव विचारून ये. वर्ष झाले, दोन वर्षे झाली; आखातातली लढाई वाढली होती, त्या किनाऱ्याकडे लाँच जात नव्हत्या, आणि जानूला ते गाव पुन्हा सापडले नाही. भागूबाई सावर्ड्याच्या बाजाराला जात राहिली. तिथे ती अजूनही उभीच असते.

चौथऱ्यावर दिवाळीत आलेल्याचा दगड आहे, आणि दरवर्षी त्याला तांदूळ मिळतात. रघूचा दगड कोणत्या किनाऱ्यावर ठेवला गेला, की ठेवलाच गेला नाही, हे खालचीवाडीला ठाऊक नाही. ज्या कोळ्यांनी सात माणसे काढली त्यांच्या गावाचे नावही वाडीने अजून घेतलेले नाही. ही दोन्ही देणी बाकी आहेत.