पाना बोर्डावरच होता

“कोणी बघितलं?” असं विचारून काकांनी चष्मा कपाळावर चढवला, की समजायचं, आता आपली वाट लागली. तुमच्याही कामाच्या ठिकाणी असा एखादा असेलच. नसेल तर तुमचा माल बहुतेक कुणी तपासतच नसावं.

डोंबिवली एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्यात विमानाच्या दारांच्या बिजागऱ्या जुळवतात. मी जुळवणारी, काका तपासणारे. चहावाल्याने साखर घातलीय म्हटलं, तरी हे ढवळून बघणार. कोपरच्या खाडीकडचे, कोळ्यांच्या घरातले. पावसाळाभर होडी बंद असायची, आणि परत पाण्यात घालण्याआधी त्यांचे वडील जाळ्याची गाठ न् गाठ ओढून बघायचे म्हणे. “बंद राहिलेल्या वस्तूवर मी भरवसा नाय ठेवत,” हे काकांचं पालुपद.

मग वरून ऑर्डरच थांबली आणि आमचा विभाग चार महिने बंद राहिला. परत सुरू व्हायच्या दिवशी साहेब पेढे घेऊन उभे, आणि काका दारात आडवे!

“आधी सगळं तपासायचं. मशीन, मापाचे गेज, पाने. आणि ह्या बायकांचे हातपण.”

दोन दिवस आम्हाला टाकाऊ तुकड्यांवर सराव करायला लावला, आणि तेवढ्यात बोर्डावर टांगलेलं हत्यार न् हत्यार तपासून स्वतःच्या यादीत चढवलं. बारा वर्षं हेच काम करतेय मी, आणि हे माझा हात तपासणार! मला तर संशय यायला लागला, यांना काम सुरूच व्हायला नकोय की काय.

तिसऱ्या दिवशी खरा माल सुरू झाला. दुपारपर्यंत माझी पहिली पेटी भरली. माल न्यायला ठाण्याहून आलेली गाडी गेटवर उभी होती. काकांनी माझ्या टेबलावरचा पाना उचलला. बोल्टला ठरलेला जोर लागला की ‘कट्’ वाजतो, तो पाना. काम झालं की त्याची स्प्रिंग सैल करून ठेवायची असते. ताणलेलीच राहिली तर ती कमजोर होते, पाना आधीच वाजतो आणि बोल्ट ढिला राहतो.

“हा माझ्या यादीत नाय. कुठे होता?”

“बोर्डावरच होता,” मी म्हटलं.

काकांनी चष्मा कपाळावर चढवला. माझ्या भरलेल्या पेटीवर जाऊन बसले. गेटवर गाडीचा हॉर्न वाजत होता, साहेब दोनदा येऊन गेले, हे हलेनात. मी त्यांच्याकडे बघतेय, ते माझ्याकडे. यांना कळलंय, नक्की कळलंय, असं मनात येत होतं आणि रागही येत होता. मग विमानाच्या त्या दारातून चढणारी माणसं डोळ्यांसमोर आली आणि मी बोलून टाकलं.

“काका, माझ्या ड्रॉवरमध्ये होता. हाताला बसलाय, तुम्ही बदलून द्याल म्हणून तपासायला दिला नाही. बंद झालं त्या दिवशी घाईत सैल करायचाही राहिला.”

काकांनी पाना तपासणीच्या यंत्राला लावून बघितला. लवकर वाजत होता. पेटीतले सगळे बोल्ट ढिले. मला रडूच फुटलं.

“रडतेस काय गं? खोल पेटी,” म्हणाले आणि स्वतः बाह्या सरसावून शेजारी बसले. गाडी रिकामी परत गेली.

आता हे माझी नोकरी घालवणार, याची मला खात्री होती. दुसऱ्या दिवशी गुपचूप त्यांचं रजिस्टर उघडलं. लिहिलं होतं, ‘पाना ड्रॉवरमध्ये राहिला. जुळवणारीने स्वतः सांगितलं.’ बस, एवढंच. आधीच्या खोटेपणाचा एक शब्द नाही. इतकी वर्षं या माणसाला मी खडूस म्हणत आले, याची लाज वाटली.

काका गेले त्याला आता दोन वर्षं होतील. त्यांचं तपासणीचं स्टूल माझ्याकडे आलंय, आणि त्यांचा संशयही. या दिवाळीच्या सुट्टीनंतर काम सुरू झालं, तेव्हा नव्या जुळवणारीच्या टेबलावर मला यादीत नसलेला एक पाना दिसला.

“हा कुठे होता गं?”

“बोर्डावरच होता, मॅडम.”

मी चष्मा कपाळावर चढवला आणि तिच्या पेटीवर जाऊन बसले.