बुरुलचाच्या गाडीचा हँडब्रेक

उझगेनच्या बाजारात तीनचाकी गाडी दुरुस्त करायची तर सातिबाल्दीकडेच जायचं, असं वीस वर्षं चालत आलं होतं. पुढून मोटारसायकल, मागे हौदा, अशा त्या गाड्या. डोंगरातलं दूध, बटाटे, अक्रोड त्यांतूनच खाली येत. चढावर उभ्या करायच्या म्हणजे हँडब्रेक चोख हवा, आणि तो कसावा सातिबाल्दीनेच, असं लोक म्हणत. लोक म्हणत म्हणून त्यालाही तसंच वाटे.

मग समोरच्या गाळ्यात मामासालीने दुकान थाटलं. तो रशियात दहा वर्षं काम करून आलेला, मोजकं बोलणारा. गिऱ्हाइकं एकेक करून रस्ता ओलांडू लागली. सातिबाल्दीने तेही गिळलं. पण एका सकाळी साय विकणारी बुरुलचा तिकडे वळली, तेव्हा मात्र त्याने हातातला चहा बाजूला ठेवला. बारा वर्षांपासूनचं गिऱ्हाईक.

"आज तिकडे?" त्याने बसल्या जागेवरून विचारलं.

"तुमच्याकडे गर्दी होती, उस्ताद."

त्याच्या दुकानात एक मांजर होतं फक्त.

दुपारी मामासाली नमाजाला गेला आणि बुरुलचा मीठ आणायला. गाडी अजून जॅकवरच होती. सातिबाल्दी पाना घेऊन पलीकडे गेला. काहीतरी कच्चं सापडणारच, अशी त्याची खात्री. त्याने हँडब्रेक ओढला. पाचव्या खटक्याला घट्ट, हवा तसाच. सोडून मागची चाकं फिरवली. दोन्ही मोकळी, कुठे घासत नव्हती. वाकून पाहिलं, तर मामासालीने आधी ड्रमपाशी लायनर जुळवून घेतले होते आणि मगच केबल ताणली होती. सातिबाल्दी इतकी वर्षं नुसती केबलच कसत आला होता.

त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. त्याने नट जागेवर धरून ठेवणारा चेकनट सोडला, केबलचा नट चार फेरे उलटा फिरवला आणि परत येऊन बसला.

तासाभराने मामासालीने गाडी जॅकवरून उतरवली आणि बुरुलचा निघाली. बाजाराच्या टोकाला तिची सासू वाट पाहत होती. ती म्हातारी हौद्यात चढून बसली, आणि गाडी डोंगराकडे वळली. सातिबाल्दी ते बघत राहिला. घरी पोचल्यावर बुरुलचा चढावरच गाडी लावते आणि मग सासूला उतरवते, हे त्याला ठाऊक होतं. त्याने मोटारसायकल काढली.

चढ लागायच्या आत त्याने तिला गाठलं. "सपाटीवर थांबव. हँडब्रेक सैल आहे."

"मामासालींनी आत्ताच कसला की."

"त्याने नीटच कसला होता. मी सैल केला."

बुरुलचाने इंजिन बंद केलं. हौद्यातून सासूच म्हणाली, "का रे?"

"सगळे त्याच्याकडे जायला लागले. ही पण गेली."

"दाढी पांढरी झाली तुझी," म्हातारी म्हणाली आणि त्याचा हात न धरताच खाली उतरली.

तो खडीत आडवा झाला. पाचव्या खटक्याला ब्रेक धरेपर्यंत नट फिरवला, चाकं मोकळी फिरतात ना ते पाहिलं, चेकनट आवळला. बुरुलचाने तीनदा ओढून खात्री केली.

"मामासालींना काही सांगणार नाही मी," ती म्हणाली. "पण तुमच्याकडे पुन्हा यायची नाही."

तिने दोन्ही शब्द पाळले. सातिबाल्दी त्या आठवड्यापासून आधी ड्रम बघू लागला, मग केबल. काम सुधारलं, दोन-चार गिऱ्हाइकं परतलीही. तरी बुरुलचाची गाडी समोर लागली की तो पाठ फिरवून बसे.